ड्रोनचं नंतर बघू, आधी बारा तारखेचा हप्ता थांबवा

प्रश्न: वय ५१, गोव्यातला सत्तरी तालुका. दीड हेक्टर काजू, चार हजार चौरस मीटर कुळागर (पोफळीची मिश्र बाग), नऊ गुरं. खाण कंपनीतली नोकरी सुटली तेव्हा २४ लाख मिळाले. १० लाख घराचं छप्पर आणि जुनं कर्ज यात गेले, ५ लाख बँकेतल्या एका योजनेत घातले, ९ लाख एफडीत आहेत. पत्नी अंगणवाडीत, मुलगी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाग आणि गुरांवर नजर ठेवायला साधा आणि थर्मल (उष्णता टिपणारा) असे दोन कॅमेरे असलेला ड्रोन घ्यावा म्हणतो. कोटेशन ४ लाख ६० हजारांचं. विक्रेता म्हणतो उत्पन्न ३० टक्के वाढेल, ८० टक्के अनुदान मिळेल आणि शेजाऱ्यांच्या बागा पाहून भाडंही सुटेल. पुढच्या महिन्यात १२ तारखेला योजनेचा दुसरा हप्ता आहे, म्हणून एफडी मोडत नाही. पत्नीचे दागिने तारण ठेवून ड्रोन घेऊ का? योजनेचे कागद सोबत जोडले आहेत.

उत्तर: तुमच्या पत्रात ड्रोनवर दोन पानं आहेत आणि योजनेवर दीड ओळ. मला त्या दीड ओळीची जास्त काळजी वाटते.

तुम्ही जिला योजना म्हणता ती पारंपरिक विमा पॉलिसी आहे. बँकेच्या टेबलावर विकली म्हणून ती बँकेची ठेव होत नाही. तुमच्याच कागदावर लिहिलंय: वार्षिक हप्ता ५ लाख, हप्ते भरायची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं. म्हणजे एकूण ५० लाख भरायचे. तुमच्याजवळ आहेत ९. बाग आणि दूध मिळून खर्च वजा जाता वर्षाला ३ लाख सुटतात, वर पत्नीचं मानधन. दुसरा हप्ता गेला की ४ लाख उरतील आणि तिसऱ्यालाच तुम्ही अडकाल. विकताना सांगितलेलं ‘पाच वर्षांत दुप्पट’ हे वाक्य पॉलिसीत कुठेही नाही. अशा पॉलिसींचा परतावा चार-पाच टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो, आणि तोही २० वर्षं टिकलात तर.

आता प्रस्ताव अर्जाचं तिसरं पान काढा. तिथे तुमचा व्यवसाय ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न ‘१८ लाख’ लिहिलंय. खाली सही तुमची, पण आकडे दुसऱ्याच्या अक्षरात. हा कागद जिवापाड जपा. तीन लाख कमावणाऱ्याला पाच लाखांचा हप्ता बसवण्यासाठीच असे आकडे भरले जातात. नोकरी सुटलेल्या माणसाच्या आयुष्याच्या पुंजीशी असं वागलेलं पाहून संताप येतो.

काय करायचं ते सांगतो. पहिलं काम आजच: बँकेत जाऊन या पॉलिसीचं ऑटो डेबिट लेखी अर्ज देऊन बंद करा आणि पोच घ्या. नाहीतर १२ तारखेला एफडीतून खात्यात वळवाल ते पैसे परस्पर जातील. मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहा: ठेव म्हणून विकली, उत्पन्न खोटं लिहिलं, पॉलिसी रद्द करून भरलेले ५ लाख परत द्या. विक्रीच्या वेळी जो पडताळणीचा फोन आला होता त्याचं रेकॉर्डिंगही मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. गोव्याच्या तक्रारी मुंबई कार्यालयाकडे जातात, फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत तुमच्या हातून गेली आहे, म्हणून हा लांबचा रस्ता.

पूर्ण रक्कम परत मिळेलच असं धरून बसू नका. तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे, त्यामुळे नव्या नियमाप्रमाणे एक वर्षाचा हप्ता भरून पहिलं वर्ष पुरं झालं की काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळतं. नेमकं किती, ते कंपनीकडून लेखी मागवा. लोकपालाचा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही मात्र करू नका. एकदा सरेंडर केलं की पूर्ण रकमेवरचा दावा कमजोर होतो. समजा त्यातले दोन-अडीच लाख बुडाले. ते दुखेल. पण ते वाचवायला आणखी ४५ लाख ओतायचे नसतात.

विम्याची गरज खरी आहे. ५० लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) ६२व्या वर्षापर्यंतचा घ्या. तब्येत ठीक असेल तर वर्षाला तीसेक हजारांत बसेल. आजारपणासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नूतनीकरण झालंय का बघा, कुटुंबात चार माणसं असतील तर ४ लाखांचं संरक्षण आहे. ९ लाखांतले २ लाख मुलीच्या उरलेल्या शिक्षणाला, २ लाख अडीअडचणीला बाजूला काढा.

आता ड्रोन. घेऊ नका.

काजू तुम्ही ९०० किलो काढता. दीडशेच्या भावाने १ लाख ३५ हजार. ३० टक्के वाढ खरी धरली तरी ४० हजार. ड्रोन चार वर्षं चालला तर वर्षाला सव्वा लाखाच्या जवळ झीज, सोनेतारणाचं व्याज ४०-४५ हजार, बॅटऱ्या-पंखे-दुरुस्ती-विमा आणखी ३०-४०. दोन लाख घालून चाळीस हजार.

आणि ती वाढ तरी कुठून येणार? कॅमेरा फवारणी करत नाही. काजूचं खोड पोखरणारी अळी बुंध्याशी भुसा आणि डिंक टाकते, तो वरून दिसत नाही. वरून पानं पिवळी दिसतील तोवर झाड गेलेलं असतं. ढेकण्या हा रस शोषणारा किडा नव्या पालवीवर आणि मोहोरावर बसतो. शेंडे करपलेले ड्रोनमधून दिसले म्हणजे फवारणीची वेळ टळली. त्यासाठी पालवी फुटल्यापासून आठवड्याला एकदा बागेतून चालत फिरणं हाच उपाय. कुळागरात तर पोफळीचे घोस झावळांच्या खाली लटकतात. फळं कुजवणारा कोळेरोग येतो ऐन पावसात, जेव्हा ड्रोन उडवताच येत नाही. त्याला पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी हवी. झाडावर चढणाऱ्या पाडेल्याची मजुरी हाच तुमचा खरा खर्च आहे, तो आधी धरा.

गुरांचंही तसंच. थर्मल कॅमेरा झाडाच्या दाट छायेतून आरपार बघत नाही, आणि दुपारी तापलेला चिरा गुरासारखाच उजळ दिसतो. पहाटे उघड्या माळावर तो कामाचा. नऊ गुरांना घंटा पुरते. कासदाह, माज, रवंथ थांबणं हे गोठ्यात उभं राहून कळतं.

उतारावरची एक चूक नवख्यांचं यंत्र हमखास घालवते. ड्रोन उंची मोजतो ती उड्डाणाच्या जागेपासून. घराच्या अंगणातून उडवून ५० मीटर उंची ठेवली आणि तुमचा डोंगर ६० मीटर चढत असेल, तर ड्रोन वरच्या काजूत घुसतो. बॅटरी संपत आल्यावर तो आपोआप परततो, ती उंचीही वाटेतल्या सगळ्यात उंच माडाच्या वर असावी लागते.

अनुदानाबद्दल विक्रेत्याने तुम्हाला चुकीचं सांगितलं. ८० टक्के, कमाल ८ लाख, ही नमो ड्रोन दीदी योजना; ती महिला स्वयंसहाय्य गटांसाठी आणि फवारणीच्या ड्रोनसाठी आहे. एकट्या शेतकऱ्याला ४० टक्के, कमाल ४ लाख. लहान आणि सीमांत शेतकऱ्याला ५० टक्के, कमाल ५ लाख, आणि तीही योजना किसान ड्रोनची, म्हणजे मुख्यतः फवारणीची. विभागीय कृषी कार्यालयाची लेखी मंजुरी हातात येण्याआधी कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

भाड्याने बागा पाहायच्या तर तो धंदा होतो: मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण, रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, तिऱ्हाइताचा विमा. तुमच्या बाजूला म्हादई अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीविना उडवता येत नाही. परदेशी ड्रोन स्वस्तात देतो म्हणणारा भेटला तर लक्षात ठेवा, फेब्रुवारी २०२२ पासून त्यांच्या आयातीवर बंदी आहे.

एक उपयोग मात्र खरा आहे. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, परवानाधारक पायलटकडून एक सकाळ भाड्याने उड्डाण करून घ्या. दहा-पंधरा हजारांच्या वर देऊ नका. फोटो एकमेकांवर समोरून ८० आणि बाजूने ७० टक्के चढलेले हवेत, नाहीतर नकाशा फाटका जुळतो. नकाशाची फाईल तुमच्या ताब्यात घ्या. त्यावरून मेलेली झाडं आणि रिकाम्या जागा मोजा. दीड हेक्टरात तीनशेच्या आसपास झाडं बसतात. त्यात चाळीस खड्डे रिकामे निघाले तर तिथे वेंगुर्ला-४ किंवा गोवा-१ ची कलमं लावा. तो खर्च चार-पाच हजारांचा, आणि दागिने घरातच राहतात.