शनिवार लपवलास, पण मंगळवार तरी कुठं सांगितलास?

पत्र (थोडक्यात): मावशी, मी औसा तालुक्यातली. दीड वर्षापासून जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतेय. सोमवार ते शुक्रवार लेक्चर, लॅब आणि आठवड्याला सोळा तास गोदामात पार्सलं लावायचं काम. शनिवारी मात्र मैत्रिणींबरोबर कुठंतरी जाते. घरच्यांना माझं स्टेटस दिसणार नाही असं सेटिंग करून ठेवलं होतं. दिवाळीनंतर चुलतभावानं प्रागचे फोटो अप्पांना दाखवले. अप्पा काहीच बोलले नाहीत. आई फोनवर एवढंच म्हणाली, "हितं सोयाबीन पाण्यात गेलं, अन् तू पूल बघत फिरायलीस व्हय." तेव्हापासून तीन शनिवार खोलीतच बसून आहे. फिरणं बंद करू, की नुसते फोटो टाकणं बंद करू?

उत्तर:

तू तीन शनिवार खोलीत बसलीस, त्यानं अप्पांचं किती सोयाबीन वाचलं गं? रागावू नकोस, पण पत्र वाचून माझ्या मनात आधी हेच आलं. आईच्या एका वाक्यानं तू स्वतःला कोंडून घेतलंस आणि तेही घरी कुणाला माहीत नाही. म्हणजे आधी फिरणं लपवलंस, आता न फिरणं लपवतेयस.

पैशाचं आधी बोलू, कारण आईच्या बोलण्यात तेच आहे. तुझ्या सेमिस्टरच्या फीमध्येच प्रवासाचा पास येतो. साध्या गाड्यांना वेगळं तिकीट लागत नाही. पाऊण तासाच्या आत राथेन गावाला उतरायचं, नावेनं एल्बे नदी ओलांडायची, बास्टायच्या कड्यांवरच्या दगडी पुलावर चढायचं, डब्यातले पराठे खायचे आणि संध्याकाळी परत. याला मी उधळपट्टी म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर भांडेन. पण पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात तू लिहिलंयस की प्रागसाठी रूममेटकडून १२० युरो घेतले आणि अजून फिटले नाहीत. युरो शंभराच्या वर आहे. २०२५-२६ चा ५,३२८ रुपये हमीभाव धरला, तरी हे सव्वादोन क्विंटल सोयाबीन झालं, आणि बाजारात हमीभाव कुणाला मिळतो ते तुला मी सांगायला नको. हे चुकलं. राथेन चुकलं नाही, प्राग चुकलं. पैसे फिटेपर्यंत पासावर जाता येईल तेवढंच फिर.

घरी आणखी एक घोळ असणार. निघताना खात्यात ११,९०४ युरो दाखवावे लागतात, तो आकडा घरात सगळ्यांच्या कानावर गेलेला असतो. "पोरीच्या खात्यात बारा लाख हायत" एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. ते बँकेच्या कर्जाचे आहेत, महिन्याला ९९२ च सुटतात आणि भाडं, विमा, किराणा यातच संपतात, हे आईला कधी कागदावर मांडून दाखवलंस? आणि "शनिवारीपण काम कर की" असं कुणी म्हणालंच, तर कॉलेज चालू असताना आठवड्याला साधारण वीस तासांची मर्यादा असते, हेही सांग.

आता माझं ऐक. ऐंशीच्या दशकात मी उदगीरहून औरंगाबादला शिकायला आले. रविवारी आम्ही पोरी विद्यापीठामागच्या लेण्यांकडे चढून जायचो. घरी मात्र सांगितलेलं, रविवारी लायब्ररीत बसते. एका रविवारी वडील न कळवता धपाट्यांचं गाठोडं घेऊन आले आणि होस्टेलच्या फाटकाशी दुपारभर बसून राहिले. मी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. माझ्या धुळीनं माखलेल्या चपलांकडे बघून म्हणाले, "लायब्ररी लई उंचावर हाय वाटतं." बाकी काही नाही. मी ती गार धपाटी मान खाली घालून खाल्ली. मी कुठं गेले याचं त्यांना काही नव्हतं. ते चार तास फाटकाशी कुणाला काय सांगत बसले असतील, ते मला अजून टोचतं. तुझ्या अप्पांनाही पुतण्याच्या मोबाइलमध्ये आपली लेक बघावी लागली. ते गप्प का झाले, हे मला नीट कळतं.

तुझ्या घरच्यांना तुझा आठवडा दिसतच नाही. मंगळवारी रात्री नऊला गोदामातून सुटतेस, तेव्हा औशात दीड वाजलेला असतो, फोन कसा करणार? मग राहिला रविवार. तिकडं दुकानं बंद, तू मोकळी. तासभर बोलता, पण काय? जेवलीस का, जेवले. थंडी हाय का, हाय. थंडीनं तळव्याला पडलेल्या भेगा, पट्ट्यावरून येणारी खोकी, पहाटेची ट्राम, हे सगळं तू मला लिहिलंस. मला! मी तुझी कोण? घरच्यांना त्यातलं काही कळलं नाही, कळला तो फक्त पूल.

तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी तर अप्पांच्याच आहेत. पिर्ना गावातल्या भिंतीवर तू एल्बेच्या पुराच्या रेघा बघितल्यास, प्रत्येकीशेजारी साल. २००२ ची रेघ तुझ्या डोक्याच्याही वर. त्या वर्षी ड्रेस्डेनला पाणी ९.४० मीटरला गेलं होतं. गेल्या सप्टेंबरात ज्यांच्या रानात पाणी उभं होतं, त्यांना ही रेघ दाखवायची की लपवायची?

दुसरी, राथेनची नाव. तिला इंजिन नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला नदीत बांधलेल्या लांब दोराला ती अडकवलेली आणि पाण्याचा लोंढाच तिला ढकलत पलीकडे नेतो. हे वाचून मीच दोनदा थांबले. मोटारीच्या डिझेलचा हिशेब करणारा माणूस हे ऐकून गप्प बसेल, असं मला वाटत नाही.

तर या रविवारी सकाळी दहाला फोन लाव. औशात अडीच वाजलेले असतील, अप्पा जेवून बाजेवर टेकलेले असतील. आईला नाही, अप्पांनाच मागून घे. प्रागचं आणि उसन्या पैशांचं स्वतःहून सांग, चुलतभावाचं नाव काढू नकोस. चिडले तर चिडू दे, फोन ठेवू नकोस. मग वेळ अमावस्येची रानातली पूजा नि पंगत कशी झाली ते विचार. वाफसा नसलेल्या रानातही कडब्याची कोपी घालून आंबील, भज्जी नि उंडे वाढले असतील, वाटेवरच्या माणसालाही हाक मारून बसवलं असेल. तो खर्च आईनं कधी मोजलाय का, हे मात्र तिला आत्ता विचारू नकोस, पुढच्या वर्षी विचार.

स्टेटसचं ते सेटिंग फोन झाल्यावर काढ, आधी नाही.

आणि फोन करायच्या आधी, म्हणजे शनिवारीच, राथेनला जाऊन ये. पाणी एकाच बाजूला वाहतं, मग नाव परत कशी येते, ते नावाड्याजवळ उभं राहून नीट बघ. दिशा बदलताना तो नाव कशी तिरकी करतो, तेही बघ. अप्पा पहिला प्रश्न तोच विचारतील.