मधमाश्या संपत चालल्यात म्हणतात. अशा वेळी गोळ्या सोडून मध, पराग, राजान्न आणि दंश-उपचाराकडे वळावं का?

तुम्ही दोन काळज्या एकत्र विचारल्यात. मधमाश्या नाहीशा होतायत ही एक. जुना खोकला आणि गुडघेदुखी यांवर गोळ्यांऐवजी माशीकडूनच मिळणारं काही घ्यावं का, ही दुसरी. शेवटी, आपणही एक मधपेटी ठेवावी का, असंही विचारलंय. मी डॉक्टर नाही, बारा वर्षं पेट्या सांभाळतोय. त्या अनुभवावरून आधी हे सांगतो, की तुमच्या या दोन काळज्या एकमेकींच्या मुळावर उठल्या आहेत.

कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. माणसाच्या कातडीत ती रुतून बसते, माशी सुटायला धडपडते आणि तिच्या पोटाचा तुकडा नांगीबरोबर तुटून मागे राहतो. दंश-उपचार म्हणून गुडघ्यावर माश्यांचे दहा दंश घेतले म्हणजे दहा माश्या मेल्या. राजान्न (रॉयल जेली) म्हणजे राणी होणाऱ्या अळीचं अन्न, ते काढायचं तर राणीसाठी वाढवलेल्या कोठडीतली अळी तिसऱ्या दिवसाच्या आसपास उचलून फेकतात. पराग म्हणजे वसाहतीची सगळी प्रथिनं, तो दारात जाळी लावून माशीच्या पायावरून पाडून घेतात. माश्यांची चिंता असलेल्याने हे तिन्ही विकत घेणं मला तरी पटत नाही.

मधाचं वेगळं आहे. साध्या, नव्याने झालेल्या खोकल्यावर मध घेऊन बघा, असं ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने 2019 मध्ये अधिकृतपणे सुचवलं. पण तुमचा खोकला जुना आहे. तीन-चार आठवड्यांपलीकडे टिकणारा खोकला मधाने दाबायचा नसतो, तपासून घ्यायचा असतो. शिवाय मधात सुमारे 80 टक्के साखरच असते, त्यामुळे मधुमेह असेल तर 'नैसर्गिक साखर' म्हणून सूट मिळत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही लावू नका. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तेवढ्या लहान आतड्याला ते आवरत नाहीत. जखमेवर मध लावतात हे खरं, पण दवाखान्यातला मध किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नसतो.

दंश-उपचाराबद्दल मात्र स्पष्टच सांगतो, करू नका. माशीच्या विषातलं मेलिटिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसतं, पण तुमचा गुडघा म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. स्पेनमधली एक घटना 2018 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. 55 वर्षांची ती बाई दोन वर्षं, दर चार आठवड्यांनी असे दंश घेत होती आणि तिला काहीही त्रास होत नव्हता. मग एका दंशाने तीव्र ॲलर्जीचा झटका आला, काही आठवड्यांनी ती गेली. 'मला सवय आहे' या वाक्यावर म्हणूनच माझा विश्वास नाही, स्वतःच्या बाबतीतसुद्धा. पेट्यांपाशी जाताना मी जाळी आजही घालतो. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, मग त्याजागी काहीही घ्यायचं असो.

'नैसर्गिक' या शब्दाने मलाही एकदा फसवलंय. चौथ्या वर्षी मनात आलं, पेटीत औषध नको, माश्या आपलं आपण बघून घेतील. वरोआ नावाचा तांबूस, टाचणीच्या डोक्याएवढा कोळी आहे. मुळात तो आशियाई माशीवरचा, म्हणजे आपण जिला सातेरी म्हणतो तिच्यावरचा. तिची आणि त्याची जुनी ओळख, ती त्याला आटोक्यात ठेवते. विसाव्या शतकात तो युरोपीय माशीवर आला आणि तिला त्याच्याशी कसं वागायचं तेच माहीत नव्हतं. माझ्या पेट्या याच युरोपीय माशीच्या. हा कोळी माशीच्या शरीरातली चरबीची ऊती खातो आणि वर पंख वाकडे करणारा विषाणू पसरवतो. हंगाम संपता संपता चुरगळलेल्या पंखांच्या माश्या दारात रांगायला लागल्या. पुढच्या हंगामाला आत मूठभर माश्या आणि राणी. पेटी गेली. आता मी ऑक्झॅलिक आम्ल आणि थायमॉल वापरतो. दोन्ही वनस्पतींत सापडतात, तरी हातमोजे घालून मोजूनमापून द्यावी लागतात. प्रमाण चुकलं तर कोळ्याबरोबर माशीही मरते.

उलट बाजूनेही तेच. शेतात फवारतात ती इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं कीटकांवर तंबाखूतल्या निकोटिनसारखंच काम करतात. युरोपीय संघाने अशी तीन रसायनं उघड्या शेतात वापरायला 2018 मध्ये बंदी घातली. पण मूळचं निकोटिन पूर्ण नैसर्गिक असूनही कीटकांसाठी विषच आहे.

आता, माश्या खरंच संपतायत का? 2006-07 च्या हिवाळ्यात अमेरिकेत पेट्याच्या पेट्या रिकाम्या सापडल्या, काही मधमाशीपालकांच्या 30 ते 90 टक्के. भीतीचं हे बोलणं तेव्हापासूनचं. मात्र जगभरातल्या पाळीव वसाहती 1961 पासून एकूण वाढल्याच आहेत, कारण मेलेल्यांच्या जागी पालक जिवंत वसाहती विभागून नव्या करतात. खर्च आणि मनस्ताप त्यांचा. खरा धोका जंगली माश्यांना आहे. माश्यांच्या 20,000 हून जास्त जाती आहेत, बहुतेक एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांच्यासाठी वसाहत विभागून देणारं कुणी नाही.

माणसाच्या तब्येतीशी माशीचा खरा संबंध मधाच्या बरणीतून येत नाही, तो ताटातून येतो. भात, गहू, मका यांना माशी लागत नाही, म्हणून 'माश्या गेल्या की चार वर्षांत माणूस संपेल' हे आइन्स्टाइनच्या नावावर खपवलेलं वाक्य दोन्ही अर्थांनी खोटं: तो तसं म्हणाल्याचा पुरावा नाही आणि उपासमारही तशी येणार नाही. कमी पडतील ती फळं, भाज्या, सुका मेवा, म्हणजे अ आणि क जीवनसत्त्व नि फोलेट. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की अपुऱ्या परागीभवनामुळे या पिकांचं 3 ते 5 टक्के उत्पादन आजच बुडतंय आणि त्यापायी हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह वगैरेंनी वर्षाला सुमारे 4,27,000 जास्तीचे मृत्यू होतात.

राहिला पेटीचा प्रश्न. माश्या वाचवायच्या म्हणून ठेवू नका. फुलं कमी असलेल्या जागी नवी पेटी म्हणजे जंगली माश्यांच्या अन्नात हजारो नव्या वाटेकरी. त्याऐवजी हातभर उघडी माती न खणता, न फवारता सोडा, आणि शेजारी वर्षभर काहीतरी फुलत राहील असं बघा. माश्यांच्या जवळपास 70 टक्के जाती जमिनीतच घर करतात. पेन्सिलीएवढी भोकं आणि काठाला मातीचा बारीक ढिगारा दिसला तर मुंग्या समजून पाणी ओतू नका. पंधरा मिनिटं बसून राहा, आत-बाहेर कोण करतंय ते दिसेल.