'पार्यूर' म्हणजे नुसता हार नव्हे

प्रश्न असा आहे: फ्रेंच लेखक मोपासाँच्या १८८४च्या 'ला पार्यूर' या कथेचं इंग्रजी नाव 'द नेकलेस', म्हणून मराठीत 'हार' म्हटलं तर चालेल का?

अर्थ कळेल, पण शब्द हुकेल. गळ्यातल्या दागिन्याला फ्रेंचमध्ये 'कोलिए' म्हणतात. मान या अर्थाच्या लॅटिन 'कोलुम'वरून तो आला, जशी आपल्याकडे कंठावरून कंठी आली. कुत्र्याच्या गळपट्ट्यालाही 'कोलिए'च म्हणतात. १७८५ साली फ्रान्स हादरवणारं प्रकरण याच शब्दाने ओळखलं जातं. ६४७ हिऱ्यांचा, सोळा लाख लिव्र किमतीचा तो हार फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतने घेतलाच नव्हता. जान द ला मोत या ठग बाईने राणीच्या नावावर कार्डिनल रोआँ या बड्या धर्मगुरूला फसवून तो मिळवला आणि त्याचे हिरे सुटे करून विकले गेले. बदनामी मात्र राणीची झाली. तिथे 'राणीचा हार' अगदी बरोबर.

मोपासाँने 'कोलिए' हा शब्द नावासाठी घेतला नाही. एका रात्रीच्या समारंभासाठी दागिना उसना मागायला गेलेल्या नायिकेला, मातील्दला, मैत्रिणीच्या पेटीत आधी कंगणं दिसतात, मग मोत्यांचा 'कोलिए'. ती भुलते ती काळ्या सॅटिनच्या डबीतल्या 'रिव्हिएर'ला. हिऱ्यांच्या सरीला फ्रेंच लोक नदी म्हणतात, आणि हे मला फार आवडतं.

आणि 'पार्यूर'? 'पारे' म्हणजे नटवणं, सजवणं. त्यावरून पार्यूर म्हणजे शृंगाराचा साज, आणि जुळणाऱ्या दागिन्यांचा संचही. कथेच्या सुरुवातीलाच मोपासाँ मातील्दबद्दल सांगतो की तिला नटता येणं शक्य नव्हतं म्हणून ती साधी राहिली. तिथे क्रियापद 'पारे'च आहे. शीर्षकातल्या शब्दाची तहान अशी पहिल्या पानापासून लागते. 'हार' म्हटलं की हा धागा तुटतो, शिवाय मराठी वाचकाला आधी फुलांचा हार आठवतो.

मी 'साज' सुचवेन. साजशृंगारातला साज आहेच, आणि कोल्हापुरी साज तर थेट गळ्यातला दागिना. एखाद्यावर काही शोभलं की ते 'साजतं'. पार्यूरसारखाच हा शब्द एकाच वेळी वस्तूही सांगतो आणि नटण्याची ओढही. कोल्हापुरी साज डोळ्यांपुढे येईल ही अडचण खरी, पण 'हिऱ्यांचा साज' म्हटलं की ती मिटते.

करून बघा. तो दागिना हरवतो. छत्तीस हजार फ्रँकचा दुसरा आणून दिल्यावर मातील्द आणि तिचा नवरा दहा वर्षं कर्ज फेडतात. हात राठ झालेली ती कधीतरी खिडकीपाशी बसून त्या रात्रीचा विचार करते: तो साज हरवला नसता तर काय झालं असतं?