माईला विचारा: पालखी दारात येणार आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत

"माई, मी राजापूर तालुक्यातला, मायक्रोबायोलॉजी शिकलोय, पुण्यात नोकरीला आहे. बाबा गावातले मानकरी. गणपतीत आरतीनंतर विषय निघाला आणि मी सरळ म्हणालो की देव वगैरे काही नाही, जीव रसायनांतून आपोआप झाला, 1953 सालीच लॅबमध्ये करून दाखवलाय. बाबा म्हणाले, घर बांधायला गवंडी लागतो आणि एवढी सृष्टी काय अशीच झाली? मग परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण झालं, या गोष्टीवरून मी हसलो, पाहुण्यांसमोर. तेव्हापासून बाबा बोलत नाहीत, माझा फोन आला की आईकडे देतात. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पण देवाने डावा कौल दिला, म्हणजे 'नको' सांगितलं, म्हणून थांबवलंय. आता शिमग्याला पालखी घरी येणार. नाही गेलो तर गाव बोलेल, गेलो तर हात जोडायचं ढोंग करावं लागेल. काय करू? – कातळावरचा"

बाबा रे, तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, मी कापून छापलंय. चार पानांत देव, डार्विन, बिग बँग, बाबांचा हेकटपणा सगळं आलं आणि आईच्या डोळ्याला मिळाली एक ओळ. तिच्यावर येतेच मी, पण आधी तुझा कान धरू दे.

1953 साली शिकागोत स्टॅन्ली मिलर नावाच्या पोराने (विद्यार्थीच होता, हॅरल्ड युरी त्याचे सर) काचेच्या भांड्यांत पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेऊन विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि आठवडाभरात त्यात अमिनो आम्लं मिळाली. अमिनो आम्लं, जीव नव्हे. अंगणात चिरे येऊन पडले म्हणजे घर उभं राहिलं असं आपल्याकडे कोणी म्हणतं का? पृथ्वी साधारण साडेचारशे कोटी वर्षांची, जीवाच्या खुणा मिळतात त्या साडेतीनशे कोटी वर्षांच्या आसपासच्या, आणि मधे निर्जीवातून सजीव नेमका कसा झाला ते अजून शोधतायत लोक. जीव आल्यानंतर तो कसा बदलत गेला याचे पुरावे मात्र ढीगभर आहेत, तिथे मी पूर्ण तुझ्या बाजूने. पण तू दोन्हीचं एकच गाठोडं केलंस आणि वर सायन्सचा शिक्का मारून बाबांच्या अंगावर टाकलंस. मायक्रोबायोलॉजी शिकलेल्याने हे करू नये, मी करू शकते, मी कॉमर्सची.

बाबांच्या गवंड्यालाही उत्तर आहे म्हणा, मग गवंड्याला कोणी घडवला? पण हा प्रश्न विचारून कोणाचे बाबा आजवर गप्प बसलेत? त्यापेक्षा कधी बोलणं सुरू झालंच तर त्यांना ऋग्वेदातलं नासदीय सूक्त वाचून दाखव, दहाव्या मंडलातलं 129 वं. सृष्टी कुठून आली असं विचारत विचारत शेवटी ऋषी म्हणतो की वर परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. वेदात हे म्हणायला चालतं, तुमच्या ओटीवर चालत नाही.

आणि परशुराम. आपला काळा दगड लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि जांभा म्हणजे तोच दगड ऊनपावसाने कुजून, लोह राहून लाल झालेला, हे तुला माहीत आहे ना? मग कातळावर बाबांबरोबर उभं राहून दाखवायचंस की, ज्या माणसाने जन्मभर चिरे हाताळलेत त्याला हे ऐकायला मजा आली असती कदाचित. तू हसलास, तेही पाहुण्यांसमोर. मला वाटतं बाबांना देव दुखला नाही, ते हसणं दुखलं. त्याची माफी माग, फक्त त्याचीच, विचारांची नको.

डार्विनचं नाव तू पत्रात सहा वेळा घेतलंयस (मोजलं मी) म्हणून त्याच्या घरातलं सांगते. त्याची बायको एमा चांगलीच श्रद्धाळू. लग्नाआधी त्याच्या वडिलांनी सल्ला दिलेला की तुझ्या शंका बायकोपासून लपव, तरी त्याने तिला सांगून टाकल्या. 1839 साली लग्न झालं आणि मग तिने आपली काळजी त्याला पत्रात लिहिली. ते पत्र त्याने जन्मभर जपलं, त्यावर आपण कितीदा रडलो हे त्याच कागदावर खाली लिहून ठेवलं. उतारवयात तो स्वतःला अज्ञेयवादी म्हणवायचा, रविवारी घरचे चर्चमध्ये जायचे आणि हा बाहेर फिरत बसायचा, पण त्याच गावातल्या पाद्र्याशी दोस्ती, आणि गरिबांना कोळसा-कपडे पुरवणारा जो क्लब होता त्याचा हिशेब वर्षानुवर्षं हाच सांभाळायचा.

तर तुझ्या पालखीचं उत्तर मला तिथे दिसतं. हात जोडू नकोस, वाटत नसेल तर अजिबात नको, बाबांना आदल्या दिवशीच सांगून टाक की बाबा, मी नमस्कार करणार नाही पण खांदा देणार. पालखी नाचवायला खांदे लागतात रे, आणि अर्धी घरं कुलपात असलेल्या गावांत आता पन्नाशीचे लोक गुडघ्याला पट्टा लावून नाचवतायत. यात ढोंग कुठे आलं? आणि गाऱ्हाणं घालताना, म्हणजे सगळ्यांसाठी देवाकडे मागणं मागताना, नीट कान देऊन ऐक. परगावी पोटासाठी गेलेल्या लेकरांना सांभाळ, असं काहीतरी त्यात येतंच, आणि मग सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, त्यात बाबांचा आवाज असणार. ते लेकरू म्हणजे तू. गणपतीपासून तुझ्याशी बोलले नाहीत तरी हे म्हणणारच.

आता डोळा. इथे मी कोणाचंही ऐकणार नाही, तुझं नाही, बाबांचं नाही. माझी आत्या 'पिकू दे, मग काढू' म्हणत थांबली, घरच्यांनीही मनावर घेतलं नाही, शेवटी तो मोतीबिंदू फुगला, डोळ्यातलं प्रेशर वाढलं आणि ऑपरेशन झालं तेव्हा त्या डोळ्याला उजेड-अंधार एवढंच उरलं होतं. पूर्वी पिकायची वाट बघत, आता बघावी लागत नाही. थेंबांनी मोतीबिंदू जात नाही, भिंग बदलावंच लागतं, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात.

कौल खोटा आहे हे सिद्ध करत बसू नकोस, त्यात आणखी एक वर्ष जाईल. प्रश्न काय विचारला होता ते विचार. करू की नको असं विचारलं असेल तर शिमग्याआधी करू की नंतर, असंही विचारता येतं, जुने गुरव हे बरोबर जाणतात. निम्म्या गुरवांचे स्वतःचे डोळे झालेले असतात, तुमच्याकडच्या गुरवकाकांचे झालेत का बघ. झाले असतील तर त्यांनाच बाबांशी बोलायला लाव. तुला हे मागच्या दाराने गेल्यासारखं वाटेल, वाटू दे. आणि देव डावीच देत राहिला तरी तपासणीला न्यायचंच, तिथे मात्र बाबांशी भांड, कडकडून भांड, ते भांडण मला मान्य आहे.

पण त्याच्याही आधी एक काम. तुझ्या चार पानांत आईचं स्वतःचं एक वाक्य नाही. बाबांनी तिचा डोळा देवाला विचारला, तू तो वादात मुद्दा म्हणून वापरलास, तिला कोणी विचारलं? कदाचित ती कौलाला घाबरत नसेल, ऑपरेशनला घाबरत असेल. कदाचित तिला एवढीच चिंता असेल की डोळ्याला पट्टी असताना चुलीपुढे कोण बसणार, कारण धूर चालत नाही, आणि ती हे तुम्हा दोघांना सांगणार नाही. आज फोन कर, बाबांनी तिच्याकडे दिला की या वेळी तिच्याशीच बोल. मग पंधरा दिवस रजा टाक. भात तू लाव, बाबांना नारळ खवायला बसव, डोळ्यात थेंब कधी घालायचे तो डॉक्टरांचा कागद फ्रीजवर चिकटव, मोठ्या अक्षरात, बाबांना पण दिसेल असा.