‘भाषांतर’, ‘अनुकूलन’ की ‘रूपांतर’?

खेळाडूंच्या मानसिक स्वास्थ्याची प्राथमिक चाचपणी करणारी इंग्रजी प्रश्नावली तुर्की भाषिक खेळाडूंसाठी तयार केली, तर त्या कामाला मराठीत ‘भाषांतर’, ‘अनुकूलन’ आणि ‘रूपांतर’ यांपैकी काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे.

तुर्कीत नुसत्या भाषांतराला ‘चेविरी’ म्हणतात; प्रश्नावलीच्या बाबतीत मात्र तिथले अभ्यासक ‘उयार्लामा’ म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी ‘उय्माक’, म्हणजे जुळणे, मापात बसणे, हे क्रियापद आहे.

हा भेद प्रत्यक्ष विधानांपाशी कळतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०२० सालच्या चाचपणी-संचात पहिली पायरी दहा विधानांची आहे. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण मिळतात आणि बेरीज १७ किंवा अधिक झाली की पुढच्या प्रश्नावल्या दिल्या जातात. दुखापतीची किंवा कामगिरीची काळजी थांबवता येत नव्हती, अशा अर्थाचे एक विधान त्यात आहे. काळजीसाठी तुर्कीत ‘मेराक’ हा अगदी घरगुती शब्द आहे (‘मेराक एत्मे’ म्हणजे काळजी करू नकोस), पण कुतूहलालाही ‘मेराक’च म्हणतात. तो वापरला तर आपली कामगिरी कशी होईल याची निव्वळ उत्सुकता असलेला खेळाडूही होकार देईल आणि त्याचे गुण विनाकारण वाढतील. त्यापेक्षा ‘एन्दिशे’, म्हणजे हिंदीतला ‘अंदेशा’, मला अधिक सुरक्षित वाटतो. ‘सिनिर्ली’ या शब्दाचेही तसेच आहे, कारण चिडलेला आणि अस्वस्थ असे दोन्ही अर्थ तो पोटात घेतो.

शब्द ठरले तरी काम संपत नाही. तुर्की मसुदा मूळ न पाहिलेल्या दुभाषकाकडून परत इंग्रजीत आणवून ताडून पाहावा लागतो, काही खेळाडूंना विधान वाचून काय समजले ते विचारावे लागते, आणि १७ ही सीमारेषा तुर्की खेळाडूंनाही लागू पडते का, हे नव्याने तपासावे लागते.

म्हणून ‘भाषांतर’ इथे अपुरे आहे. ‘अनुकूलन’ जीवशास्त्रात रुळलेला शब्द असून तिथे सजीव स्वतःच परिस्थितीशी जुळवून घेतो. इथे मात्र कोणीतरी जाणीवपूर्वक बदल करतो. ‘रूपांतर’ मराठी रंगभूमीने परक्या नाटकांना इथला पेहराव देताना रुळवलेला शब्द आहे आणि मी तोच घेईन, पण नाटककाराइतकी मोकळीक इथे नसल्यामुळे ‘रूपांतर व प्रमाणीकरण’ असे जोडीने लिहीन. वाक्यात क्रियापद हवे असेल तर ‘बेतणे’ वापरावे. शिंप्याच्या कात्रीतून आलेला हा शब्द ‘उय्माक’च्या सर्वांत जवळचा आहे, आणि ‘मूळ इंग्रजीवर बेतलेली, तुर्की खेळाडूंसाठी बेतलेली प्रश्नावली’ असे म्हटले की आधार आणि माप ही दोन्ही एकाच क्रियापदाने सांगता येतात.