सपाट काचेच्या पडद्यावर खडबडीतपणा बोटाला कसा जाणवतो?

काच सपाटच राहते. बदलते ते बोट आणि काच यांच्यामधले घर्षण. काचेवर पारदर्शक विद्युतवाहक थर आणि त्यावर पातळ विद्युतरोधक लेप असतो. थराला सतत बदलता विद्युतदाब दिला, की सरकते बोट क्षणोक्षणी पृष्ठभागाकडे किंचित ओढले जाते आणि त्या ओढीच्या चढउतारालाच आपली त्वचा खरखर समजते. दिवा चालू असताना त्याच्या पितळी सॉकेटवरून बोट फिरवले, तर ते एरवीइतके गुळगुळीत लागत नाही, या साध्या निरीक्षणाचा पाठपुरावा करून संशोधक मॅलिनक्रॉट आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हा परिणाम मांडला. २०१० मध्ये डिस्ने कंपनीच्या संशोधन विभागाने, डिस्ने रिसर्चने, ‘टेस्लाटच’ या तंत्रात तो स्पर्शपडद्यावर आणला.

मात्र बोट थांबले, की ही जाणीवही थांबते. म्हणूनच स्थिर आकार हाताळायचा असेल, तर पृष्ठभाग खरोखर उचलावा लागतो. ब्रेल डिस्प्लेत विद्युतदाबाने वाकणाऱ्या पट्ट्या प्रत्येक अक्षराच्या सहा किंवा आठ टाचण्या वरखाली करतात आणि दृष्टिहीन वाचकाच्या बोटाखाली ओळ बदलत जाते. माझ्या मते बोटाला स्पर्श जाणवून देणाऱ्या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच आहे.