तो आवाज नक्की कुणाचा? रॉनेट्सच्या पहिल्या अल्बमवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रॉनेट्सच्या पहिल्या अल्बमबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या, 'बी माय बेबी' अजून ऐकलं नसेल तर आजच ऐका एवढंच, आणि त्यावर इतके मेसेज आले की म्हटलं ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकू. तो अंक ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रॉनेट्स म्हणजे न्यूयॉर्कच्या तीन पोरी. वेरॉनिका बेनेट, जिला सगळे रॉनी म्हणायचे, तिची थोरली बहीण एस्टेल आणि नात्यातली बहीण नेड्रा टॅली. अल्बमचं नाव 'प्रेझेंटिंग द फॅब्युलस रॉनेट्स फीचरिंग वेरॉनिका', नोव्हेंबर १९६४ ला आला, कंपनी फिलेस रेकॉर्ड्स, प्रोड्यूसर, म्हणजे रेकॉर्डिंग कसं वाजेल ते ठरवणारा, फिल स्पेक्टर, गाणी १२.

ताई, ग्रुप तिघींचा, मग नावात 'फीचरिंग वेरॉनिका' असं वेगळं कशाला? बाकीच्या दोघी काय फक्त फोटोपुरत्या होत्या का? (एक वाचक, सांगली)

फोटोपुरत्या अजिबात नव्हत्या, पण प्रश्न बरोबर जागी लागलाय. ह्या तिघी लहानपणापासून आजीच्या घरी एकत्र गायच्या, हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उतरल्या होत्या, १९६१ मध्ये पेपरमिंट लाउंज नावाच्या क्लबात नाचत-गात होत्या, कोलपिक्स कंपनीसाठी रेकॉर्डही केल्या पण त्या काही चालल्या नाहीत. नावसुद्धा तिघींच्या नावांतली अक्षरं जुळवून झालंय. १९६३ मध्ये एस्टेलनंच स्पेक्टरच्या ऑफिसला सरळ फोन लावला, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं, कारण त्या फोनशिवाय पुढचं काहीच झालं नसतं आणि एस्टेलचं नाव मात्र कुठंच मोठ्या अक्षरात नाही. ऑडिशनला रॉनीनं गायला सुरुवात केली आणि स्पेक्टर जागेवरून उठलाच, त्याला जो आवाज हवा होता तो हाच. त्याला खरं तर एकटी रॉनीच हवी होती, पण तिची आई म्हणाली घ्यायचं तर तिघींना घ्या नाहीतर राहू द्या.

म्हणून तिघी आल्या. पण स्टुडिओत काय झालं बघा. 'बी माय बेबी' जुलै १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत रेकॉर्ड झालं आणि त्यावर तिघींपैकी एकट्या रॉनीचाच आवाज आहे, मागचा कोरस डार्लीन लव्ह, तेव्हा अगदी नवखी असलेली शेर, सॉनी बोनो अशा लोकांचा. 'बेबी, आय लव्ह यू'च्या वेळी तर एस्टेल आणि नेड्रा टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम करणाऱ्या डिक क्लार्कच्या टूरवर गावोगाव फिरत होत्या, तिथं रॉनीच्या जागी दुसरी नात्यातली बहीण उभी केली आणि रॉनीला रेकॉर्डिंगसाठी मागे ठेवून घेतलं. म्हणजे नावातलं 'फीचरिंग वेरॉनिका' खोटं नाही, पण ती परिस्थिती प्रोड्यूसरनं घडवून आणलेली होती. स्टेजवर मात्र तो ग्रुप तिघींचाच होता, ते उंच बांधलेले केस, डोळ्यांना जाड लाइनर, अंगाला चिकटून बसणारे ड्रेस, आणि तिघींची एकदम पडणारी पावलं. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसचे केस नि डोळे आठवताहेत ना, ते सगळं इथून आलंय.

माझे वडील मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. ते सांगायचे की चाळीस-पन्नास वादक एका हॉलमध्ये आणि सगळं एकदम वाजवायचं. मग स्पेक्टरच्या ह्या 'वॉल ऑफ साउंड'चं, म्हणजे आवाजाच्या भिंतीचं, एवढं कौतुक का, त्यात वेगळं काय होतं? (एक वाचक, दादर)

तुमचा प्रश्न वाचून खूप आनंद झाला, कारण हे फार कमी लोक विचारतात. वडिलांनी सांगितलं त्यातलं अर्ध इथंही तसंच आहे, सगळे एका खोलीत, सगळं एकदम. फरक कुठं, तर आपल्याकडे हॉल मोठा असायचा आणि गोल्ड स्टारचा स्टुडिओ ए लहानसा, त्यात स्पेक्टर एका पियानोच्या जागी दोन-तीन पियानो, एका गिटारच्या जागी तीन-चार गिटार, बासही एकापेक्षा जास्त, असे वादक दाटीवाटीनं बसवायचा आणि सगळ्यांना एकच सुरावट वाजवायला लावायचा, तीही तासन् तास, इतकी की वादक थकून जायचे आणि कुणाचं वेगळं वाजवणं म्हणून उरायचंच नाही. अरेंजमेंट जॅक नित्शेची, रेकॉर्डिंग इंजिनिअर लॅरी लेव्हिन. मग हा सगळा आवाज इको चेंबरमध्ये सोडायचे, म्हणजे सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींची बंद खोली, तिच्यात एक स्पीकर नि एक माइक, स्पीकरमधून आवाज आत जाणार, भिंतींवर आपटत फिरणार आणि तो घुमलेला आवाज माइक परत घेऊन मूळ आवाजात मिसळणार. आज बटण दाबून मिळतं ते तेव्हा खरोखरची खोली बांधून मिळवायला लागायचं.

आपल्या सिनेसंगीतात सतार वेगळी ऐकू येते, बासरी वेगळी येते, व्हायोलिनचा ताफा गाण्याच्या मधल्या जागा भरतो आणि गायिका ओळ घेऊन आली की बाकीचे बाजूला होतात. इथं कुणी बाजूला होतच नाही. पियानो कुठं संपला नि गिटार कुठं सुरू झाली हे मला इतक्या वर्षांत धड सांगता आलेलं नाही, सगळं वितळून एक झालेलं असतं. आणि म्हणूनच रॉनीचा आवाज एवढा लागतो, कारण त्या भिंतीवर चढून ऐकू येईल असाच तो आवाज होता, थोडा नाकातला, थोडा कापरा, शब्दाच्या शेवटी 'वो-ओ-ओ' करत हलणारा. गोड म्हणावा असा तो नाहीच, हट्टी आवाज आहे. ती गोल्ड स्टारच्या बाथरूममध्ये जाऊन प्रॅक्टिस करायची कारण तिथं आवाज छान घुमायचा, असं तिनं स्वतः सांगितलंय.

सुरुवातीचा ड्रम तर आता जगातल्या निम्म्या पॉप गाण्यांत सापडतो. धम्, ध-धम्, फाट्! वाजवलाय हाल ब्लेननं. तो सांगायचा की स्नेअर, म्हणजे तो 'फाट्' वाजणारा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मारायचा होता, दुसरी चुकली, मग त्यानं ती चूकच धरून ठेवली आणि फक्त चौथीवर मारत राहिला. वडिलांना हे नक्की पटलं असतं असं मला वाटतं, चुकीला नियम करून टाकणं हे मुरलेल्या वादकालाच सुचतं.

मी अख्खा अल्बम दोनदा ऐकला. खरं सांगू का, तीन-चार गाणी सोडली तर बाकीची भरतीची वाटली. माझं काही चुकतंय का? (एक वाचक, नाशिक रोड)

काही गाणी आहेतच भरतीची, त्यात तुमची चूक नाही. त्या काळात पॉपमध्ये खरा माल म्हणजे सिंगल, दोन गाण्यांची छोटी तबकडी, आणि अल्बम म्हणजे बहुतेक वेळा आधी निघालेले सिंगल गोळा करून त्यात थोडी भर. इथंही 'बी माय बेबी' ऑगस्ट १९६३ चं आणि अल्बम त्यानंतर सव्वा वर्षानं, मधल्या काळातले जवळपास सगळे सिंगल ह्यात आहेत. 'वॉट'ड आय से' हे रे चार्ल्सचं गाणं लाइव्ह रेकॉर्डिंग म्हणून घुसवलंय, ते बाकीच्यांत बसतच नाही, मी दर वेळी पुढे सरकवते.

पण 'वॉकिंग इन द रेन' पुन्हा ऐका, हेडफोन लावून, पावसाळ्यातच ऐका असं मी म्हणणार होते पण कधीही ऐका. सुरुवातीला ढग गडगडतात, त्या आवाजांसाठी लॅरी लेव्हिनला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं होतं. गाणं बॅरी मॅन, सिंथिया वाइल आणि स्पेक्टरचं. रॉनी सांगायची की हे तिनं एका टेकमध्ये गायलं. मला हे 'बी माय बेबी'पेक्षाही आवडतं, कारण 'बी माय बेबी'त ती समोरच्याला मागतेय आणि इथं समोर कुणीच नाही, ती फक्त वाट बघतेय, कसा असेल तो ह्याचा विचार करत, आणि तिचा तो हट्टी आवाज इथं एकदम मऊ झालाय. 'आय वंडर' आणि 'यू बेबी' ह्यांनाही अजून एक संधी द्या.

आणि शेवटचं 'चॅपेल ऑफ लव्ह' दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकल्यासारखं वाटलं असेल तर बरोबर आहे, ते रॉनेट्सनी आधी रेकॉर्ड केलं पण स्पेक्टरनं सिंगल म्हणून काढलं नाही, मग त्याचे सहलेखक जेफ बॅरी आणि एली ग्रिनिच ह्यांनी ते डिक्सी कप्स नावाच्या ग्रुपकडून गाऊन घेतलं आणि १९६४ मध्ये ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. बिलबोर्ड ह्या अमेरिकन मासिकाच्या यादीत रॉनेट्सना एक नंबर कधीच मिळाला नाही, तो तिथं हातातून गेला असं मला कायम वाटतं.

अल्बम हिट होता का? (एक वाचक, इंदूर)

नाही. बिलबोर्डच्या अल्बम यादीत ९६ वर थांबला. 'बी माय बेबी' २ नंबरपर्यंत गेलं होतं, 'बेबी, आय लव्ह यू' २४, 'वॉकिंग इन द रेन' २३. अल्बम आला तोवर बीटल्सनी अमेरिका ताब्यात घेतली होती. गंमत म्हणजे जानेवारी १९६४ मध्ये ह्या तिघी इंग्लंडच्या टूरवर गेल्या तेव्हा पोस्टरवर त्यांचं नाव वर आणि रोलिंग स्टोन्सचं खाली होतं.

फिल स्पेक्टर खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला होता ना? मग अशा माणसाचं संगीत आपण ऐकावं का? मला हे वाचल्यापासून गाणी लावताना कसंतरी होतं. (एक वाचक, पुणे)

कसंतरी होणं साहजिक आहे, मलाही होतं. हो, लाना क्लार्कसन ह्या अभिनेत्रीच्या २००३ मधल्या खुनासाठी त्याला २००९ मध्ये दोषी ठरवलं आणि जानेवारी २०२१ मध्ये तो कैदेत असतानाच वारला. पण रॉनीचं जे झालं ते त्याच्या कितीतरी आधीचं. १९६६ मध्ये रॉनेट्स बीटल्सबरोबर अमेरिकेच्या टूरवर गेल्या, रॉनी नाही, कारण स्पेक्टरनं तिला जाऊ दिलं नाही. १९६७ मध्ये ग्रुप संपला, १९६८ मध्ये तिचं त्याच्याशी लग्न झालं, आणि पुढची वर्षं तिनं आत्मचरित्रात लिहिलीत, बंद घर, कुंपण, बाहेर जायची चोरी, गाणं जवळजवळ बंदच. १९७२ मध्ये आईच्या मदतीनं ती अनवाणी त्या घरातून बाहेर पडली.

पैशाचं तर ऐकाच. १९६३ चा करार झाल्यावर तिघींना मिळून साधारण १५ हजार डॉलर आगाऊ मिळाले आणि रॉयल्टी म्हणून एक पैसा नाही. एवढ्या गाजलेल्या गाण्याचे! सिनेमात वापरली गेली, जाहिरातीत वापरली गेली, ते पैसे सगळे दुसरीकडे. तिघींनी कोर्टात केस केली, ती सुमारे १५ वर्षं चालली, खालच्या कोर्टानं २००० साली त्यांच्या बाजूनं मोठी रक्कम दिली, मग २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं की करारात रेकॉर्डिंगचे हक्क पूर्ण दिलेत, त्यामुळे सिनेमा-जाहिरातीच्या पैशात वाटा नाही, विक्रीवरची रॉयल्टी मात्र द्यावी लागेल. विशीच्या आसपासच्या पोरींनी केलेली सही चाळीस वर्षांनी अशी आडवी आली. मला ह्या निकालाचा अजूनही राग येतो.

ऐकावं का, तर मी ऐकते, आणि रॉनीसाठी ऐकते. ते गाणं तिनं गायलंय, ड्रम ब्लेननं वाजवलाय, शब्दांत एली ग्रिनिचचा हात आहे. ही माणसं बाजूला करून सगळं स्पेक्टरच्या खात्यावर टाकायचं म्हणजे त्याला जे हवं होतं तेच आपण करायचं. पण तुम्हाला नाही ऐकवत तर नका ऐकू, त्यात कुणाला काही म्हणायचा हक्क नाही.

चोरबाजारात स्टिरिओ कॉपी मिळतेय, घेऊ का? (एक वाचक, ठाणे)

स्वस्तात असेल आणि ओरखडे कमी असतील तर आठवण म्हणून घ्या, पण ऐकायचा मोनोच, म्हणजे सगळा आवाज एकत्र, डावं-उजवं न करता. ही गाणी मोनोसाठीच बांधलेली आहेत, डावं-उजवं वेगळं केलं की ती भिंत मधून उघडते आणि वादक वेगळे दिसायला लागतात, जे नको होतं तेच. स्पेक्टरच्या कामाचा १९९१ चा मोठा संच निघाला त्याचं नावच 'बॅक टू मोनो' आहे.

बीच बॉइजचं 'डोन्ट वरी बेबी' हे 'बी माय बेबी'वरून केलंय असं मुलगा म्हणतो. खरं का? (एक वाचक, मडगाव)

खरंय, मुलाला सांगा. बीच बॉइज ह्या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सननं 'बी माय बेबी' पहिल्यांदा गाडीत रेडिओवर ऐकलं आणि गाडी चालवता येईना म्हणून रस्त्याच्या कडेला थांबवली, आणि पुढे ते गाणं तो आयुष्यभर ऐकत राहिला. 'डोन्ट वरी बेबी' त्याचंच उत्तर, आणि त्याला ते रॉनीच्या आवाजात हवं होतं. १९६४ मध्ये ते झालं नाही. १९९९ मध्ये रॉनीनं ते गायलं, रमोन्स ह्या पंक बँडच्या जोई रमोननं प्रोड्यूस केलेल्या छोट्या रेकॉर्डवर, तोवर तिचा आवाज जरा खाली उतरलेला, खरखरीत झालेला, पण 'वो-ओ-ओ' तसंच्या तसं. दोन्ही लागोपाठ लावून मुलाला ऐकवा.